आयपीए आणि मुंबईची जीभ

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात साचे बंद पडून बराच काळ लोटला, आणि मग तिथे स्टीलच्या उंच टाक्या आल्या. ‘द बार्किंग डिअर’ ही मुंबईची पहिली मायक्रोब्रुअरी इथलीच. ग्रेगरी क्रॉइट्झ या अमेरिकन गृहस्थाने ती काढली, २०१३ मध्ये स्वतःची बिअर ग्राहकांपुढे ठेवली आणि पुढे काही वर्षांत दुकान आवरलं. तोवर जवळच ‘व्हाइट आउल’ आली होती. नंतर त्याच मथुरादासच्या आवारात बंगळुरूची ‘टॉइट’ आली, केम्प्स कॉर्नरला पुण्याची ‘डूलाली’ आली. आज कुलाबा ते परळ या पट्ट्यातल्या टॅपरूमच्या फळ्यावर एक तरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, बहुतेक वेळा असतेच. टेबलावर वाद निघतो तोही तिच्यावरूनच. एकाला ती कडूजहर लागते, दुसऱ्याला पुरेशी कडू लागत नाही, तिसरा म्हणतो हा तर फळांचा रस झाला.

एक तप उलटलं, तेव्हा हा वाद कुठवर आला आहे ते बघायला हरकत नाही. आयपीए कशी चाखायची, चांगली कशाला म्हणायचं आणि या शहराच्या जिभेशी तिचं जमतं का, असे हे तीन प्रश्न आहेत. ते एकमेकांत इतके अडकले आहेत, की एकाचं उत्तर देताना बाकीचे दोन मध्ये येतातच.

जहाजांचा काळ

टॅपरूममधला वेटर जी गोष्ट सांगतो ती बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. इंग्लंडची बिअर हिंदुस्थानात पोचेपर्यंत नासायची. मग लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसन नावाच्या ब्रुअरने भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, आणि जास्त मद्यार्क घालून टिकाऊ बिअर शोधून काढली, आणि तीच आयपीए. गोष्ट छान आहे. पण मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या बिअरच्या इतिहासकारांनी कागदपत्रं चाळल्यावर तिचे बरेच टाके उसवले.

उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला इंग्लंडातल्या ब्रुअरना १७६० च्या दशकातच मिळत होता. हॉजसनने काही नवं शोधलं असा पुरावा नाही. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना दीड-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. त्याचं खरं भांडवल हेच. शिवाय काळी पोर्टर बिअरही याच जहाजांतून येत होती आणि नीट पोचत होती. साधे गोरे शिपाई तीच पीत. फिकी, महाग पेल एल असे साहेबलोकांच्या टेबलावर. ही बिअर फार जहाल होती, हेही खरं नाही. तिचा मद्यार्क सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास असे.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. पिंपं गलबताच्या पोटात हेलकावत, दोनदा विषुववृत्त ओलांडत. त्यात बिअर मुरायची आणि तिला एक वेगळीच गोडी यायची. पुढे हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून व्यापार स्वतःच्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीच्या माणसांनी १८२० च्या दशकात बर्टन गावच्या सॅम्युअल ऑल्सॉपला गाठलं. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समने भरलेलं. त्यात हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार उतरतो. ऑल्सॉप आणि त्यामागून बास यांनी हॉजसनची बाजारपेठ खाल्ली. मुंबईत फोर्टातल्या पारशी दुकानदारांकडे हा विलायती माल मिळे. १८३० च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने बर्फ येऊ लागला, आणि मुंबईकर साहेबाला थंड बिअरची चटक लागली ती लागलीच.

आता यावरून दोन बाजू पडतात. मायक्रोब्रुअरीवाले आणि त्यांचे जाहिरातदार म्हणतात, ही बिअर आपल्या देशासाठी जन्मली, आता घरी परतली. इतिहासकार म्हणतात, ती इथे विकली गेली, पण इथल्या जिभेचा तिच्या घडणीत काही हात नव्हता. मला दुसरी बाजू पटते. गिरगाव-परळच्या रहिवाशाने एकोणिसाव्या शतकात ही बिअर प्यायल्याचा संभव फार थोडा. त्याच्या वाट्याला ताडी आणि मोहाची होती.

मधली पोकळी

पुढची शंभर वर्षं झटपट उरकता येतात. एडवर्ड डायरने कसौलीला ब्रुअरी काढली, तिथली ‘लायन’ गाजली. पण जगाबरोबर हिंदुस्थानही हळूहळू फिक्या, हलक्या लागरकडे वळला. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण बंदी. धोबीतलाव, गिरगाव, वांद्रे इथले आंटीचे अड्डे त्या काळातले. १९६० नंतर बंदी सैलावत गेली. कायदा मात्र पुस्तकात राहिला, आणि परमिट रूम हा शब्दही. आजही महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा अशी अपेक्षा आहे. तळोजा आणि वाळूजच्या कारखान्यांतून येणारी बाटलीबंद लागर म्हणजेच बिअर, अशी दोन-तीन पिढ्यांची समजूत झाली. त्यातही देशभर खप मुख्यतः ‘स्ट्राँग’चा. अशा जिभेपुढे आयपीए आली.

ती आली अमेरिकेतून. तिकडे १९७२ मध्ये कॅस्केड या हॉप्सच्या वाणाची लागवड खुली झाली. पपनसाच्या सालीसारखा वास असलेला हा वाण. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने तो ‘लिबर्टी एल’मध्ये वापरला, १९८० मध्ये सिएरा नेवाडाने आपल्या पेल एलमध्ये. नंतर हॉप्सचा डोस वाढतच गेला. इंग्रजांची जुनी आयपीए मातकट, फुलांच्या वासाची होती. अमेरिकनांनी तिला लिंबू, राळ आणि फळं दिली. मुंबईतल्या टॅपवर जी मिळते ती बहुधा हीच.

महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्याची. २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, पुढे इंडिपेन्डन्स, एफिंगट, नकुल भोसले यांची ‘ग्रेट स्टेट’. डोंबिवलीच्या गेटवे ब्रुइंगने मुंबईच्या बारना पिंपातून बिअर पुरवायला सुरुवात केली. बाटली-कॅनमध्ये गोव्याहून अर्बरची ‘बीच शॅक’ आणि गोवा ब्रुइंगची ‘एट फिंगर एडी’ आली. या सगळ्यांच्या आयपीएची तऱ्हा सारखी नाही, आणि वादाचं मूळही तिथेच आहे.

पेला समोर आल्यावर

वादांत शिरण्याआधी चाखण्याची रीत. यावर मात्र फारसं दुमत नाही.

आधी अख्खा पाइंट मागवू नये. बहुतेक टॅपरूममध्ये छोट्या नमुन्याच्या पेल्यांचा ट्रे मिळतो, तो घ्यावा. त्यात हलकी गव्हाची बिअर आधी, आयपीए शेवटी. उलट केलं तर बाकीच्यांची चव लागत नाही. पेला वर निमुळता असलेला बरा, आणि काठोकाठ भरलेला नको. वास साठायला जागा हवी.

पहिली मिनिटं नाकाची. पेला जरा फिरवावा, छोटे-छोटे दोन-तीन हुंगे घ्यावेत आणि थांबावं. नाक लवकर थकतं. सिट्रा जातीच्या हॉप्सचा पेला असेल तर आधी लिंबाच्या सालीचा वास येतो, मागून पिकलेल्या पेरूचा. हा नुसता भास नव्हे. पेरू, पपनस आणि काही हॉप्स यांत गंधकाची तीच संयुगं असतात, आणि ती अगदी लेशमात्र असली तरी नाकाला कळतात. मोझेइक असेल तर आंबा आणि करवंदाकडे झुकतो. सिमको किंवा चिनूक असेल तर राळ, धूप. गवती चहा, काही आंबे आणि हॉप्स यांत मिर्सीन नावाचं एकच तेल आहे. आणि ज्याला कोकणी माशाची आमटी माहीत आहे त्याला एक खूण पुरेशी आहे: ओलं तिरफळ बोटांनी चुरडावं. लिंबाची साल आणि राळ एकत्र असा तो वास थेट पश्चिम किनाऱ्याच्या अमेरिकन आयपीएत नेऊन सोडतो. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून सुकं तिरफळ आणून ठेवलं तरी चालेल.

मग घोट. तो तोंडभर फिरवून गिळायचा, कारण हॉप्सचा कडूपणा गिळल्यानंतर खुलतो. म्हणून वाइनचे परीक्षक चूळ टाकतात, बिअरचे टाकत नाहीत. इथे तीन गोष्टी बघायच्या. कडू किती वेळ रेंगाळतं? ते स्वच्छ आहे की घशाला खरवडतं? आणि त्याला तोलायला माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूची, गोडी खाली आहे का? चांगली आयपीए गिळल्यावर तोंड कोरडं करते आणि पुढचा घोट मागते.

वीस मिनिटांनी तोच पेला पुन्हा हुंगावा. मुंबईत बिअर दोन-तीन अंशांवर, पेल्यावर दव धरेल अशी देतात. एवढ्या थंडीत वास दबतो आणि फक्त कडू तेवढं जिभेवर राहतं. सात ते दहा अंशांवर आली की फळं वर येतात. पहिल्या घोटात आयपीएला नाक मुरडणाऱ्यांपैकी निम्मे लोक खरं तर बर्फाला नाक मुरडत असतात, असं माझं मत आहे.

स्वच्छ की गढूळ

गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा वाद हा. एका बाजूला पश्चिम किनाऱ्याची तऱ्हा: तांबूस-सोनेरी, आरपार दिसणारी, कोरडी, ठणठणीत कडू. दुसऱ्या बाजूला न्यू इंग्लंडची किंवा ‘हेझी’: ओट्स आणि गहू घातल्यामुळे अंगाने मऊ, रंगाने आमरसात पाणी घालावं तशी, आणि हॉप्सचा बराचसा भाग उकळीनंतर, आंबवताना घातलेला. उकळीत हॉप्समधल्या आम्लाचं कडू आम्ल होतं. उशिरा घातले तर वास उतरतो, कडू उतरत नाही. व्हरमाँटच्या ‘द अल्केमिस्ट’ची ‘हेडी टॉपर’ हा हिचा मूळ पुरुष. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये गढूळ तऱ्हेला स्वतंत्र वर्ग दिला.

कडूपणाचा आकडा आयबीयूमध्ये सांगतात. परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या नियमावलीत अमेरिकन आयपीएला ४० ते ७०, हेझीला २५ ते ६०. मोठ्या कंपन्यांच्या लागरचा आकडा याच्या पुष्कळ खाली असतो. पण आकडा म्हणजे चव नव्हे. माल्टची गोडी जास्त असेल तर ६० आयबीयूची बिअर ४० सारखी लागते.

गढूळ बाजूचं म्हणणं असं: लागरवर वाढलेल्या माणसाला हीच वाट सोपी, आंबा-पेरू ओळखीचे, कडू कमी. जुन्या बाजूचं म्हणणं असं: मग ती आयपीए कसली? गढूळपणाआड बनवण्यातल्या चुकाही लपतात. यीस्ट पुरेसं बसलेलं नसलं तरी खपून जातं. दोन्हींत तथ्य आहे. मात्र कडू मुंबईकराला सोसत नाही, हे गृहीतक मला पटत नाही. ज्या घरात पाडव्याला कडुनिंबाची पानं चघळली जातात, मेथीची भाजी आणि कारल्याचे काप आवडीने होतात, गिरगावात कडव्या वालाचं बिरडं सणाला लागतं, तिथे कडूची सवय नवी नाही. अडतं ते दुसरीकडे: थंडगार पेयात कडू भेटेल याची अपेक्षा नसते.

पाण्याचा मुद्दाही याच वादातला. तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी पावसाचं, मऊ. ब्रुअरला पश्चिम किनाऱ्याची धार हवी असेल तर जिप्सम घालावं लागतं, गढूळ मऊपणा हवा असेल तर कॅल्शियम क्लोराइड. मऊ पाणी कोऱ्या पाटीसारखं आहे, दोन्ही तऱ्हा त्यावर लिहिता येतात. तेव्हा मुंबईच्या पाण्याने एकीच्या बाजूने कौल दिलेला नाही.

ताजी आहे का?

जहाजाच्या काळातली आयपीए मुरून चांगली व्हायची, आजची मुरली की संपते. हॉप्सची तेलं प्राणवायूने झपाट्याने बिघडतात. पिवळी बिअर चहाच्या रंगाकडे झुकते, फळांचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो, नुसतं कडू मागे राहतं. हेझीत हे सगळ्यात लवकर होतं. उजेडाने वेगळीच खराबी होते: हॉप्समधल्या कडू घटकापासून गंधकाचा उग्र वास तयार होतो, म्हणून तपकिरी बाटली किंवा कॅन बरा, हिरवी बाटली नव्हे. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर तो वयाचा दोष नव्हे, आंबवणं अर्ध्यावर आटोपल्याची खूण.

इथे टॅपरूमचे कैवारी आणि कॅनचे कैवारी समोरासमोर येतात. पहिले म्हणतात, टाकीपासून पेल्यापर्यंत वीस फूट अंतर, त्याला तोड नाही. दुसरे म्हणतात, नीट भरलेला, थंड ठेवलेला कॅन हा अर्धवट रिकाम्या, नळ्या न धुतलेल्या टॅपपेक्षा केव्हाही भरवशाचा. खरी गोम दोघांच्याही हातात नसलेल्या गोष्टीत आहे: टेम्पो, गोदाम आणि वाइन शॉपची फळी. मे महिन्यात ३५ अंशांवर फ्रिजबाहेर राहिलेल्या कॅनची आयपीए महिन्याभरात म्हातारी होते. टॅपरूममध्ये ‘ही कधी लावली?’ विचारावं, दुकानात भरल्याची तारीख बघावी. मी तरी दोन-अडीच महिन्यांपलीकडची हेझी घेत नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, राज्याने मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमध्ये, म्हणजे मोठ्या झाकणबंद बाटलीत, बिअर घरी न्यायला द्यायची मुभा दिली; पण ग्राउलर उघडला की घड्याळ आणखी जोरात पळतं.

ताटात जागा

ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी २००३ च्या ‘द ब्रूमास्टर्स टेबल’ या पुस्तकात तिखट जेवणाबरोबर आयपीएची बाजू घेतली आणि ती जगभर पसरली. विरोधकांचं म्हणणं शरीरशास्त्राचं आहे: मद्यार्क आणि बुडबुडे दोन्ही मिरचीची आग वाढवतात, त्यावर कडू म्हणजे आगीत तेल. मालवणी मटणाबरोबर ६० आयबीयूची कोरडी आयपीए घेतली तर विरोधकांचं खरं वाटतं. रव्यात घोळून तळलेल्या बोंबलाबरोबर घेतली तर ऑलिव्हर यांचं. तेल, मीठ आणि कुरकुरीतपणा यांच्याशी कडूचं जमतं, नुसत्या तिखटाशी नाही. लालबागच्या चिवडा गल्लीतला खोबऱ्याचे काप घातलेला भाजक्या पोह्यांचा चिवडा, ज्यात साखर जराशी पुढे असते, हा माझ्या मते आयपीएचा सगळ्यात चोख चकना. टॅपरूमच्या मेन्यूवर तो क्वचितच असतो. तिथे नाचोज असतात.

स्थानिक जिन्नस बिअरमध्येच घालावेत का, हा याचाच जोडप्रश्न. ग्रेट स्टेटने कोकम वापरून आंबट बिअर केली आणि ती लोकांना रुचली. आयपीएत मात्र आंबा घालणं म्हणजे हॉप्सने केलेलं काम फळाने पुसणं, असं सनातनी म्हणतात. नवे म्हणतात, हॉप्स तरी कुठे आपले आहेत? तेही खरं. हॉप्सच्या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, साधारण ३५ ते ५५ अक्षांशांतले. मुंबई १९ वर. देशात लाहौलच्या खोऱ्यात त्यांची शेती झाली, पण ज्या वासांसाठी आयपीए ओळखली जाते ते वाण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून गोळ्यांच्या पाकिटांत येतात.

न सुटलेलं

तारखेचा आणि थंड साखळीचा प्रश्न तसाच आहे. किमतीचाही. ज्या गिरणगावात या टाक्या उभ्या आहेत, तिथल्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या माणसालाही एका पाइंटचा दर क्वार्टर बारच्या बिलाशी ताडून पाहावासा वाटतो. जीभ सवयीने घडते आणि सवयीला पैसे पडतात.

मद्यार्काचा गुंता सगळ्यात मजेशीर. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत ५ टक्क्यांपर्यंत सौम्य बिअर, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत कडक. बिअर त्यावर नाही. अमेरिकन डबल आयपीए साडेसातपासून दहापर्यंत जाते, म्हणजे तिचा वरचा मजला इथे बांधताच येत नाही. आणि साडेसहा टक्क्यांची नेहमीची आयपीए नियमाच्या नजरेत त्याच रांगेत बसते, जिथे नशेसाठी घेतली जाणारी स्ट्राँग लागर बसते. दमट हवेत अर्धा लिटर साडेसहा टक्के प्यायला जडही पडते. म्हणून काही ब्रुअर साडेचार टक्क्यांच्या ‘सेशन’ आयपीएकडे वळले आहेत. मुंबईच्या उकाड्याला ती जास्त शोभेल असं वाटतं खरं, पण करायला ती सगळ्यात कठीण. माल्ट कमी केला की हॉप्सला टेकायला काही उरत नाही, कडू सुटं पडतं आणि बिअर चहाच्या चोथ्यासारखी पाणचट लागते. ओट्स वाढवून, जास्त तापमानावर माल्ट भिजवून आणि हॉप्स जवळजवळ सगळे शेवटी घालून हे जमवायचे प्रयत्न सध्या चालू आहेत.